सूर्यमाळची सहल आणि सोपी जपानी गाणी

मुंबईहून कसारा लोकलने शेवटच्या स्थानकावर उतरावे आणि विहीगावमार्गे खोडाळ्याकडे जाणारी गाडी धरावी. घाटमाथ्याच्या अलीकडचा हा डोंगराळ मुलूख म्हणजे मोखाडा तालुका. वाटेत विहीगावचा धबधबा लागतो. २००१ साली आलेल्या ‘अशोका’ या हिंदी चित्रपटातल्या एका गाण्याचे चित्रीकरण येथे झाले, तेव्हापासून लोक त्याला ‘अशोका धबधबा’ म्हणू लागले. पुढे वैतरणेवरचा उंच पूल ओलांडला की खोडाळा आणि तेथून वळून चढत गेले की सूर्यमाळ. नाशिककडून येणाऱ्यांना त्र्यंबकेश्वर-मोखाडा रस्ता जवळचा, तर ठाणे-भिवंडीकडच्यांना वाड्यावरून येता येते. पूर्वी हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि जव्हार-मोखाडा त्यात गेले.

सूर्यमाळला थंड हवेचे ठिकाण म्हणतात, पण महाबळेश्वर-माथेरानसारखा बाजार येथे नाही. साग, ऐन आणि मोहाचे रान, उतारावर नागली आणि वरईची काढून झालेली शेते, कुडाच्या भिंतींची घरे आणि संध्याकाळी अंगावर येणारा गार वारा, एवढेच येथले वैभव. पाहण्याच्या ठिकाणांची यादी हातात घेऊन येणाऱ्याची निराशा होईल. चार माणसांत निवांत बसायला मात्र यासारखी जागा नाही. म्हणूनच गेल्या डिसेंबरात आमच्या वस्तीतल्या चौदा बायकांनी सहलीसाठी सूर्यमाळ निवडले. दोन रात्रींचा मुक्काम, गावातल्याच एका घरी जेवण आणि सोबत एक कराओकेचा स्पीकर.

जपानी गाणीच का?

सहलीचे निमित्त माझी पुतणी होती. पुण्यात जपानी भाषा शिकून ती एका जपानी कंपनीत लागली आणि आता वर्षभरासाठी जपानला निघाली होती. पुण्यात ही भाषा शिकण्याची सोय जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात तिचे वर्ग चालतात. जपान म्हटले की आपल्या वाचकांना नागपूरचे भदंत सुरई ससाई आठवतात, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते आणि २०१५ साली कोयासान विद्यापीठात उभा राहिलेला बाबासाहेबांचा पुतळाही आठवतो. पुतणीच्या मनात मात्र वेगळीच काळजी होती. ती म्हणाली, “काकू, तिकडे ऑफिसातली माणसं एकत्र जेवायला गेली की नंतर कराओकेला जातात. प्रत्येकाला एक तरी गाणं म्हणावं लागतं. मला तर शाळेत प्रार्थनेशिवाय काही म्हटल्याचं आठवत नाही.”

मग ठरले की सूर्यमाळला तिने सराव करायचा आणि आम्हीही तिच्याबरोबर म्हणायचे. तिने पाच-सहा जपानी गाणी निवडून देवनागरीत वहीवर लिहून आणली. आमच्यातल्या थोरल्या मावशी हसल्या. त्यांची हयात रुग्णालयात आयाचे काम करण्यात गेली. जयंतीच्या गायन पार्टीत त्या तीस वर्षे आहेत, पण कोरसमध्ये. “मी मागं म्हणणारी बाई. एकटीनं कधी तोंड उघडलं न्हाई,” त्या म्हणाल्या.

भगिनींनो, मावशींचे हे वाक्य आपल्यातल्या किती जणींचे आहे! आपल्याकडे गाणाऱ्या बाया थोड्या नाहीत. जात्यावर दळताना आपल्या आई-आजींनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. माजलगावच्या भीमनगरातल्या स्त्रियांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यात १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. म्हणजे गळा होता, शब्दही होते. पण व्यासपीठ आले, पेटी-तबला आला, माईक आला, तशी पुढची जागा बहुतेक पुरुषांकडे गेली आणि बाई मागच्या ओळीत उभी राहिली.

कराओके आल्यावर तरी हे बदलावे, तर तेथेही एक अडचण उभी राहते. स्पीकर लावला की पहिले गाणे लताबाईंचे निघते. लताबाईंची पट्टी फार उंच. आपला आवाज तेथवर जात नाही, तार सप्तकात फाटतो आणि सगळे हसतात. शिवाय मूळ गाणे प्रत्येकाच्या कानात पक्के बसलेले असते, त्यामुळे तुलना लगेच होते. एकदा असे हसे झालेली बाई पुन्हा माईक हातात घेत नाही. जपानी गाण्यांचा फायदा असा की सूर्यमाळच्या अंगणात ती कोणीच ऐकलेली नव्हती. “चुकलीस” म्हणायला कोणी नव्हते.

सहलीतून जन्मलेले यंत्र

‘कराओके’ हा शब्द दोन तुकड्यांचा आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे जपानी लघुरूप. गायकाची जागा रिकामी ठेवून वाजणारा वाद्यवृंद, असा त्याचा अर्थ. हे यंत्र प्रथम कोणी केले याबद्दल दोन नावे सांगतात. टोकियोचे शिगेइची नेगिशी यांनी १९६७ साली असे एक यंत्र बनवले होते. कोबे शहरातले दाइसुके इनोउए यांनी १९७१ साली आपली अकरा यंत्रे तयार करून तेथल्या मद्यगृहांना भाड्याने दिली. नाणे टाकले की गाणे वाजायचे.

इनोउए यांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. ते गिऱ्हाइकांच्या गाण्यामागे साथ करणारे वादक होते. एका कंपनीच्या मालकाला त्यांची साथ आवडायची, कारण तो जसा गाईल तसे ते वाजवत. हा मालक सहलीला निघाला आणि त्याने इनोउएंना बरोबर बोलावले. त्यांना जाणे शक्य नव्हते. मग त्यांनी त्याच्याच पट्टीत आणि त्याच्याच चालीने साथ वाजवून ती टेपवर भरून दिली. मालक सहलीत त्या टेपवर खुशाल गायला. त्यातूनच पुढे यंत्राची कल्पना निघाली. इनोउएंनी तिचे पेटंट मात्र घेतले नाही.

या हकिकतीत आपल्या कामाची गोष्ट आहे. चांगले गाता न येणाऱ्या माणसाला सोयीचे व्हावे म्हणूनच हे यंत्र जन्मले. माणसाने यंत्राच्या पट्टीत गावे हा त्याचा मूळ हेतू नव्हता. यंत्राने माणसाच्या पट्टीत वाजावे, हा होता. पुढे १९८५च्या सुमारास ओकायामा येथे माल वाहण्याच्या जुन्या डब्यात गाण्याची छोटी खोली केली गेली आणि ‘कराओके बॉक्स’ची पद्धत सुरू झाली. अशा खोलीत आपल्याच चार माणसांत गायचे असते, परक्यासमोर उभे राहावे लागत नाही. त्यामुळे तेथल्या बायका-मुली मोकळेपणाने गाऊ लागल्या. हे ओकायामा म्हणजे पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या मैत्री उद्यानाचे ओकायामा. ते उद्यान पु. ल. देशपांडे यांच्या नावाने आहे.

आपल्या जिभेला जपानी जड नाही

पहिल्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही वही उघडली. शब्द वाचायला सुरुवात केली आणि आश्चर्य वाटले. जपानी भाषेत स्वर पाचच – आ, इ, उ, ए, ओ. बहुतेक अक्षर म्हणजे एक व्यंजन आणि एक स्वर. बाराखडी येणाऱ्या बाईला ती सरळ वाचता येते. गाण्यातही साधारण एका अक्षराला एक सूर असतो, त्यामुळे इंग्रजी गाण्यासारखी शब्द गिळण्याची भानगड नाही.

‘त्सु’ हा उच्चार परदेशी लोकांना अवघड जातो म्हणतात. पुतणीने आम्हाला एका वाक्यात शिकवला, “चूल म्हणा आणि ‘ल’ सोडून द्या.” खरेच, आपल्या चुलीचा ‘चु’ म्हणजेच जपानी ‘त्सु’! चिंचेतला ‘च’ वेगळा आणि चुलीतला ‘च’ वेगळा, हा फरक मराठी बाईच्या जिभेवर जन्मापासून असतो. हिंदी बोलणाऱ्याला तो शिकावा लागतो. ‘ल’ जपानीत नाही, त्याच्या जागी हलका ‘र’ येतो. दीर्घ स्वर मात्र पूर्ण लांबवायचा, नाहीतर शब्दाचा अर्थ बदलतो. एवढे तीन नियम सांभाळले की पुरते.

कोणती गाणी सोपी?

दोन रात्री गाऊन पाहिल्यावर आमचे जे मत झाले, ते वाचक भगिनींच्या उपयोगासाठी देत आहे.

सगळ्यात आधी ‘उए ओ मुइते आरुको’. १९६१चे हे गाणे क्यू साकामोतो यांनी गायिले. नावाचा अर्थ ‘वर बघत चालू या’. डोळ्यांतले पाणी खाली सांडू नये म्हणून वर बघत चालणाऱ्या माणसाचे हे गाणे आहे. १९६३ साली ते ‘सुकियाकी’ या नावाने अमेरिकेतल्या विक्रीच्या यादीत पहिले आले. त्याची लय चालण्याची आहे. चाल बरीचशी पाच सुरांत फिरते. भूप रागाला लागतात तेच हे पाच सूर, त्यामुळे ती कानाला परकी वाटत नाही. मधे एक तुकडा नुसत्या शिट्टीचा आहे. ज्यांना शब्द जमले नाहीत त्यांनी तेवढी शिट्टी वाजवली, तेही मनापासून!

दुसरे ‘मिराइ ए’, म्हणजे ‘भविष्याकडे’. ओकिनावा बेटावरच्या दोन मैत्रिणींच्या ‘किरोरो’ या जोडीचे हे गाणे १९९८ साली आले. आईची माया आणि पुढची वाट हा त्याचा विषय. लय संथ आहे, श्वास घ्यायला जागा आहे आणि सुरुवातच धृपदाने होते, म्हणजे जो भाग पुन्हा पुन्हा येणार तोच आधी पाठ होतो. पुतणीने ऑफिससाठी हेच पक्के केले.

तिसरे ‘ई हि ताबिदाची’, अर्थात शुभ दिवशी प्रवासाला निघणे. यामागुची मोमोए यांनी १९७८ साली गायिलेले हे गाणे जपानच्या सरकारी रेल्वेने प्रवासाच्या प्रचारासाठी वापरले. मोमोए यांचा आवाज खालच्या पट्टीचा. ज्यांना आयुष्यभर “तुझा आवाज जाड आहे” असे ऐकावे लागले, त्यांच्यासाठी हे गाणे आहे.

चौथे ‘त्सुबासा ओ कुदासाइ’, म्हणजे ‘मला पंख द्या’. १९७१चे हे गाणे तेथल्या शाळांत मुले एकत्र म्हणतात. मुलांना जमते ते आपल्याला का जमणार नाही? पाचवे ‘सेकाइ नि हितोत्सु दाके नो हाना’, जगात एकच असलेले फूल. २००३ साली ‘स्मॅप’ या तरुणांच्या गटाने ते एका सुरात गायिले. पुरुषांचे असले तरी पट्टी बदलली की बायकांना सोयीचे होते आणि पाचजणींनी मिळून म्हटले तर कोणा एकीवर भार येत नाही.

मिसोरा हिबारी यांचे १९८९चे ‘कावा नो नागारे नो यो नि’ (नदीच्या प्रवाहासारखे) थोडे अवघड आहे. सुरुवात खाली, बोलल्यासारखी होते, पण धृपद एकदम वर चढते. ज्यांचा आवाज तापलेला आहे त्यांनी शेवटी घ्यावे. उताद़ा हिकारू यांचे ‘फर्स्ट लव्ह’ (१९९९) किंवा अलीकडचे ‘योरु नि काकेरु’ (२०१९) यांच्या वाटेला नवख्यांनी जाऊ नये. पहिल्यात आवाज नाजूक करून वर न्यावा लागतो आणि दुसऱ्यात शब्द इतके भरभर येतात की श्वास पुरत नाही.

गाणे कोणतेही असो, त्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर आधी गुणगुणून पाहावा. वरचा सूर ओरडल्याशिवाय लागत नसेल तर पट्टी उतरवावी. स्पीकरवर किंवा मोबाइलमधल्या ॲपवर अधिक-उणे अशी खूण असते. एकदा दाबले की पेटीवरच्या एका पट्टीइतका फरक पडतो. दोन-तीन घरे खाली आले की बहुतेकींना गाणे जमते. यात कमीपणा काही नाही. शब्द आधी चालीशिवाय, टाळीच्या ठेक्यावर वाचावेत. पहिल्या वेळी एकच कडवे म्हणावे.

दुसरी रात्र

दुसऱ्या रात्री मावशींनी वही हातात घेतली. त्यांना मोमोएचे गाणे आवडले होते. पहिल्या ओळीला त्या आमच्याकडे बघत थांबल्या. मागे म्हणायची सवय, पुढे कोणीतरी उचलेल अशी वाट पाहत असाव्यात. पुतणीने पट्टी आणखी दोन घरे खाली आणली आणि गाणे पुन्हा लावले. या वेळी मावशींनी एकटीने म्हटले. शब्द दोन-तीन ठिकाणी घसरले, पण सूर घट्ट होता. इतकी वर्षे गर्दीत मिसळून गेलेला तो आवाज आम्ही पहिल्यांदा वेगळा ऐकला. खर्जातला, भरदार आवाज! गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या, “आता आपलं म्हणते.” आणि वामनदादांचे एक गाणे त्यांनी त्याच पट्टीत, साथीशिवाय, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीने म्हटले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. सूर्यमाळपासून नाशिक जिल्हा लांब नाही.

स्वयंपाकाला आलेल्या गावातल्या तिघीजणी चुलीपाशी बसून हे ऐकत होत्या. मोखाड्यात दहातले नऊजण आदिवासी – महादेव कोळी, वारली, ठाकर, कोकणा, कातकरी. आम्ही आग्रह केला तेव्हा त्यांनी लग्नातले गाणे धरले. एकीने ओळ उचलायची, दोघींनी ती तशीच परत म्हणायची. तीन-चार सुरांत फिरणारी चाल, एका श्वासात संपणारी ओळ. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी नावाची बाई. तिच्या गाण्याशिवाय लग्न पुरे होत नाही. म्हणजे पुढे उभे राहून गाण्याचा मान येथे बाईकडे पिढ्यान् पिढ्या आहे, आणि त्यासाठी तिला ना यंत्र लागले ना माईक.

ऐकता ऐकता लक्षात आले की सोप्या गाण्याची आम्ही काढलेली लक्षणे या गाण्यात सगळी होती. पल्ला लहान, ओळ आखूड, लय चालण्याची किंवा कामाची, आणि परत परत येणारे धृपद. जात्यावरच्या ओवीतही हेच असते. सोपे गाणे म्हणजे हलके गाणे, हा समज आपण सोडून दिला पाहिजे. ज्या गाण्यात सगळ्यांना शिरता येते ते गाणे टिकते.

जाताना आणि येताना

सूर्यमाळला जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. रात्री थंडी असते, गरम कपडे न्यावेत. पावसाळ्यात डोंगर हिरवेगार असतात, पण धुके आणि निसरडे रस्ते सांभाळावे लागतात. मुक्कामाची आणि जेवणाची सोय आधी ठरवूनच निघावे. जेवण गावातल्या बायकांकडून घेतले तर नागलीची भाकरी मिळते आणि चार पैसे गावात राहतात. वेळ असेल तर जव्हारचा जयविलास राजवाडा आणि दाभोसाचा धबधबा परतीच्या वाटेवर पाहता येतो.

एक गोष्ट आवर्जून सांगते. येताना जो वैतरणेचा पूल लागतो, त्या नदीवर २०१४ साली लोकार्पण झालेले मध्य वैतरणा धरण आहे. त्याचे पाणी मुंबईला जाते. त्याच मोखाड्यात एप्रिल-मे महिन्यांत बायका डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी मैलोन् मैल चालतात. आपण मुंबई-ठाण्याच्या बाया तेथे पाहुण्या म्हणून जातो. पाणी जपून वापरावे, प्लास्टिक परत आणावे आणि स्पीकरचा आवाज अंगणाबाहेर जाणार नाही इतकाच ठेवावा. गाव पहाटे कामाला उठते. रात्री दहानंतर तर स्पीकर बंदच करावा. गाणे हवेच असेल तर विनासाथ म्हणावे, रानात ते जास्त गोड लागते.

भगिनींनो, येत्या जयंतीला किंवा वस्तीतल्या हळदीच्या घरी कोणी तुमच्या हातात माईक दिला, तर मागे सरू नका. आपली पट्टी कोणती ते आज-उद्या घरीच शोधून ठेवा. एक गाणे, एक कडवे, पण एकटीने म्हणा. भाषा मराठी असो की जपानी, साथ करणाऱ्याला आधी सांगा की माझ्या पट्टीत वाजव.